अहो, खुर्चीपासून सुरुवात आहे!

खुर्ची! लठ्ठपणाच्या डॉक्टरांचं शिक्षण खुर्चीपासून सुरू होतं! मला वाटलं होतं, पहिल्याच पानावर कॅलरींचा तक्ता असेल, नाहीतर वडापावचं चित्र आणि त्याच्यावर लाल फुली. छे! खुर्ची! दवाखान्यात बाहेर बसायला ज्या खुर्च्या ठेवतात ना, त्यातल्या काही तरी बिनहाताच्या, रुंद आणि भक्कम असाव्यात, कारण हातवाल्या खुर्चीत एखादा माणूस मावतच नाही, आणि मग तो उभाच राहतो, भिंतीला टेकून, ‘नाही नाही, बसून बसूनच कंटाळलोय’ असं कुणी न विचारता सांगत, आणि मग आतून नाव पुकारेपर्यंत त्याचा निम्मा जीव शरमेने गेलेला असतो, आणि मग डॉक्टर विचारणार, ‘काय हो, बीपी का वाढलंय?’

बीपी! थांबा, बीपीचं तर याहून भारी आहे! दंडाला तो पट्टा गुंडाळतात ना, फुस्स फुस्स हवा भरतात तो, त्याच्यात लहानमोठे साइझ असतात! आणि जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला, तर बीपी खोटंच वाढलेलं दिसतं. खोटंच! अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी हे रीतसर मोजून २०२३ साली छापलं. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २०ने जास्त येतो. वीसने! म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी! एका पट्ट्यापायी! हे वाचल्यापासून मी दिसेल त्याच्या दंडाकडे बघत सुटलेय. दूधवाला परवा जरा घाबरलाच.

आधीच सांगून टाकते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी बँकेत लेजर सांभाळलेली बाई. माझं जीवशास्त्र बेडकाच्या आकृतीपाशी संपलं, आणि तो बेडूकही मैत्रिणीने काढून दिलेला. पण माझी भाची डॉक्टर आहे आणि सध्या लठ्ठपणाचं वेगळं शिक्षण घेतेय. असं शिक्षण असतं! लंडनच्या वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशनचं ‘स्कोप’ नावाचं प्रशिक्षण आहे, जगभरचे डॉक्टर ते करतात. अमेरिकेत तर २०११ पासून या विषयाचं स्वतंत्र बोर्डच आहे, परीक्षा देऊन पास व्हावं लागतं! तर भाची माझ्याकडे राहायला आली, तिची टिपणं जेवणाच्या टेबलावर पसरलेली, आणि मी फक्त ताटं मांडायला म्हणून ती उचलायला गेले. फक्त उचलायला! वरण गार झालं, भात गार झाला, आणि मी हातात डाव घेऊन तशीच उभी. आता तुम्ही पण या. मला एकटीला हे झेपत नाहीये.

पुढचं ऐका. या डॉक्टरांना शिकवतात की वजनाचा विषय काढण्याआधी पेशंटची परवानगी घ्या. परवानगी! ‘आपण तुमच्या वजनाबद्दल बोललं तर चालेल का?’ कॅनडातल्या मंडळींनी या बोलण्याच्या पाच पायऱ्या घालून दिल्यात, आणि पहिली पायरी म्हणजे ‘विचारा’. समोरचा नको म्हणाला तर तो विषय तिथेच थांबवायचा, गुडघा दुखतोय म्हणून आलाय ना, मग गुडघा बघायचा! आणि वजनकाटा चारचौघांत ठेवायचा नाही, आत, आडोशाला. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. एवढं शिकलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या माणसाने हे सगळं पाळायचं. आणि आपण? लग्नाचा मांडव, हातात अक्षता, पाच वर्षांनी भेटलेली पुतणी, आणि तोंडातून पहिलं वाक्य काय, तर ‘अगं बाई, केवढी सुटलीस!’ परवानगी राहू द्या, ‘कशी आहेस’ तरी? नाव घेत नाही, पण आमच्या घरात अशा तीन आत्या आहेत आणि तिघींनाही मी हे टिपण वाचून दाखवणार आहे. जेवणाआधी!

आणि फोटो! वर्तमानपत्रात लठ्ठपणाची बातमी आली की सोबत फोटो कसला असतो? आठवा बरं! पोट! नुसतं पोट! शर्टाची बटणं ताणलेली, हातात बर्गर, आणि मानेच्या वर फोटो कापलेला. तोंडच नाही त्या माणसाला! इतकी वर्षं मी ते फोटो बघतेय आणि एकदाही मनात आलं नाही की डोकं कुठे गेलं. तर लठ्ठपणावर काम करणाऱ्या संस्थांनी त्यासाठी फोटोंचा वेगळा साठा करून ठेवलाय, बातमीवाल्यांना फुकट वापरायला. त्यातली माणसं भाजी निवडतायत, ऑफिसात बसलीयत, हसतायत. आणि त्यांना चेहरे आहेत! चेहरे! जगात कुणीतरी बसून याचाही विचार केलाय!

आता मुख्य गोष्टीकडे येते, जिच्यामुळे माझी झोप उडालीय.

अमेरिकेत टीव्हीवर ‘द बिगेस्ट लूझर’ नावाचा कार्यक्रम होता. खूप वजन असलेल्या माणसांना घाम निघेस्तोवर व्यायाम, मोजून मापून खाणं, आणि जो सगळ्यात जास्त वजन उतरवेल त्याला बक्षीस. त्यातल्या १४ जणांना केव्हिन हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने सहा वर्षांनी परत गाठलं. ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवलेली माणसं! ५८ किलो म्हणजे एक आख्खी बाई! आणि सहा वर्षांत त्यातले सरासरी ४१ किलो परत आलेले. आता तुम्ही म्हणणार, हो, आळशी झाले असतील, पुन्हा हादडलं असेल. मीही तेच म्हटलं! मोठ्याने म्हटलं! पण मग पुढची ओळ. त्यांचं शरीर नुसतं पडून राहायला रोज जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती त्यांच्या वजनावयाच्या मानाने असायला हवी त्यापेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमी झालेली होती. सहा वर्षांनंतरही! कार्यक्रम संपला, दिवे विझले, बक्षीस वाटून झालं, आणि शरीर अजून काटकसर करतंय! आमचे जुने हेडकॅशिअर होते, संध्याकाळी पन्नास पैशांचा फरक आला तरी हिशोब जुळेपर्यंत कुणाला घरी जाऊ द्यायचे नाहीत. शरीर तसं आहे! किलो काढून घेतलेत ना? बसा. भरून द्या. मग जा.

२०१६ सालचा हा शोधनिबंध ज्यात आला त्या मासिकाचं नाव सरळ ‘ओबेसिटी’. ते काढणारी ओबेसिटी सोसायटी, आणि तिच्या वार्षिक मेळाव्याचं नाव ओबेसिटीवीक! मला त्या नावाचं इतकं हसू आलं की विचारू नका, आणि मग विषयांची यादी पाहिली आणि हसू थांबलं, कारण तिथे मेंदूवाले, जनुकवाले, शस्त्रक्रियावाले, मानसशास्त्रवाले, शाळेच्या डब्यांचा अभ्यास करणारे असे सगळे एका छपराखाली! मी कल्पना करत होते डाएटचे तक्ते वाटणाऱ्या लोकांची.

बरं, पण शरीराला मुळात कळतं कसं, की आपल्याकडे चरबी किती आहे? कुणी सांगतं का त्याला? हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! तुम्हाला पडला होता? खरं सांगा! आणि याचं उत्तर शोधायला एका माणसाने काय केलं, तर उंदीर शिवले. एकमेकांना! सुई-दोऱ्याने!

खुर्ची घ्या, बिनहाताची. हे सावकाश सांगते.

अमेरिकेच्या मेन राज्यात, समुद्रकाठी, बार हार्बर म्हणून गाव आहे. तिथे जॅक्सन लॅबोरेटरी. उंदरांसाठीच जगप्रसिद्ध! १९४९ साली तिथे एका पिंजऱ्यात एक उंदीर नुसता फुगत गेला. भावंडं बारीक आणि हा गोळा! सारखा खातोय, हलत नाही, भूक भागतच नाही. हे त्याच्या जनुकातच होतं. पुढे १९६०च्या दशकात आणखी एक जात सापडली, तीही तशीच गोल, वर तिला जबरदस्त मधुमेह. दिसायला दोघे सारखे. मग दोघांत बिघडलंय ते एकच की वेगवेगळं? डग्लस कोलमन नावाचे शास्त्रज्ञ तिथे होते, मूळचे कॅनडाचे, एक-दोन वर्षांसाठी म्हणून आलेले आणि जन्मभर राहिलेले. त्यांनी दोन उंदीर घेतले, कुशीला कूस लावून कातडी शिवली, आणि मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या जुळतात, आणि मग याचं थोडं रक्त त्याच्यात, त्याचं थोडं याच्यात. (बिचारे! हे वाचताना मी स्वतःची कूस धरून बसले होते.)

पहिली जोडी: मधुमेहवाला गोल उंदीर आणि एक साधा उंदीर. काय झालं असेल? मला वाटलं, साधा पण लठ्ठ होणार! भाची म्हणाली, ‘मावशी, पान उलट.’ पान उलटलं. साधा उंदीर उपाशी मेला! समोर खाणं होतं! दाणे पडलेत, पाणी आहे, आणि हा खातच नाही! आणि शेजारी शिवलेला गोल उंदीर आपला मजेत खातोय! म्हणजे गोल उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं, जे साध्याला ओरडून सांगत होतं, ‘पोट भरलंय, थांब!’ आणि ते इतकं जास्त होतं की साधा थांबला तो थांबलाच. पण मग तो गोल स्वतः का थांबत नाही? कारण त्याला ऐकूच येत नाही! निरोप आहे, कान नाहीत!

मग दुसरी जोडी: १९४९च्या जातीचा गोल उंदीर आणि साधा. आता गोल उंदराने खाणं कमी केलं! आणि मग तिसरी जोडी, ही माझी सगळ्यात लाडकी: दोन्ही गोल, एकमेकांना शिवलेले. आणि पहिल्या जातीचा, १९४९च्या घराण्यातला, जन्मभर खात सुटलेला तो गोळा, त्याने खाणं सोडलं! तो वाळत गेला! शेजाऱ्याला काहीच फरक नाही! दिसतंय का तुम्हाला? एकाकडे निरोप नाही पण कान आहेत. दुसऱ्याकडे निरोपाचा पूर आहे पण कान नाहीत. नुसते उंदीर शिवून, त्यांचं खाणं मोजून, या माणसाने एक न दिसणारी वस्तू आहे हे ओळखलं! ना ती कुठे दिसलेली, ना तिला नाव, ना बाटलीत धरलेली! मी टेबलावर हात आपटला. मीठ सांडलं.

आणि लोकांनी विश्वास ठेवला का? फारसा नाही! कोलमन १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे सांगत होते आणि बहुतेकांचं म्हणणं, कसलं आलंय रक्तातलं द्रव्य, लठ्ठपणा म्हणजे मनाचा दुबळेपणा. वीस वर्षं गेली. आणि मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन त्या जनुकाच्या मागे लागले, वर्षानुवर्षं, आणि १९९४च्या मे महिन्यात एका पहाटे फिल्म धुतल्यावर त्यांना ते दिसलं. सापडलं! डिसेंबरात ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्या द्रव्याला लेप्टिन म्हणतात. आणि ते तयार कुठे होतं, सांगा? चरबीत! खुद्द चरबीत! मी जन्मभर चरबीला नुसतं साठलेलं ओझं समजत होते आणि ती तिथे बसून मेंदूला रोजचे निरोप पाठवतेय! आता आरशात बघताना मला उगाच कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं वाटतं.

२०१० साली कोलमन आणि फ्रीडमन दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या. रात्री.

आणि माणसात? माणसातही सापडलं! १९९७ साली, केंब्रिजमध्ये, एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत-मावस भावंडं. मोठी मुलगी ८ वर्षांची आणि वजन ८६ किलो. आठ वर्षांची! घरच्यांना किती बोल लागले असतील, आईला तर सगळ्यांनी धारेवर धरलं असेल, ‘काय खायला घालतेस पोरीला’ म्हणून. आणि सदफ फारुकी, स्टीव्हन ओराहिली यांनी तपासलं तर दोन्ही मुलांत लेप्टिन जवळजवळ नाहीच. त्या मुलीला ते टोचायला सुरुवात केली आणि वर्षभरात तिचं १६ किलोहून जास्त वजन उतरलं, वाढत्या वयात! तिची भूकच माणसासारखी झाली. लाड, हट्ट, वळण, कशाचाही संबंध नव्हता. एक निरोप नव्हता, बस!

मी लगेच म्हटलं, मग सगळ्यांनाच टोचा ना लेप्टिन! भाचीने चष्म्यावरून पाहिलं. ‘अगं मावशी, बाकीच्यांच्यात ते भरपूर असतं. मेंदू दाद देत नाही.’ म्हणजे लठ्ठ माणसांतले बहुतेक जण कमीजास्त त्या मधुमेहवाल्या उंदरासारखे! मी जरा वेळ गप्प बसले. फार वेळ नाही.

कारण मग सरडा आला!

गिला मॉन्स्टर म्हणून अमेरिकेच्या वाळवंटात एक विषारी, ठिपक्याठिपक्यांचा, जाडजूड सरडा असतो, वर्षातून मोजकंच खातो. ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात जॉन एंग नावाचे डॉक्टर होते, त्यांना १९९२च्या सुमाराला त्याच्या विषात एक द्रव्य सापडलं, आपल्या आतड्यातून जेवल्यावर जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन निघतं त्याचा जणू भाऊच. फरक एवढाच की आपलं दोन-चार मिनिटांत विरून जातं आणि सरड्याचं तासन् तास टिकतं. त्यावरून २००५ साली मधुमेहाचं औषध आलं. आणि मग दुसऱ्या वाटेने, आपल्याच हॉर्मोनला शेपट्या लावून लावून, आठवडाभर टिकणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आली, ज्यांच्याबद्दल सध्या जो तो बोलतोय ती! भारतात वजनासाठी म्हणून ही २०२५ मध्ये अधिकृतपणे आली. २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. आणि औषध बंद केल्यावर? वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत! हेडकॅशिअर! आठवले ना? म्हणून हे डॉक्टर म्हणतात की हा लांब चालणारा आजार आहे, बीपीची गोळी बीपी खाली आलं म्हणून सोडतो का आपण? अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ सालीच तो आजार म्हणून मान्य केलाय. मला मात्र एवढंच म्हणायचंय की सोसायटीच्या भिशीत एकमेकींना इंजेक्शनं सुचवू नका! सुचवतायत हो! मी ऐकलंय!

आता पुणे! हो, आपलं पुणे! इथे तर मी उठून उभीच राहिले!

२००४ सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगातल्या बड्या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभराचा मजकूर आला, सोबत दोन पुरुषांचा फोटो. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघेही कागदावर अगदी मापात! आणि मग दोघांनी आपापली चरबी यंत्रावर मोजून घेतली. युडकिनांची ९.१ टक्के. याज्ञिकांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त! आणि हे त्यांनी स्वतःच, स्वतःच्याच फोटोसकट, जगाला दाखवलं! वर मिश्कीलपणे लिहिलंय की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं. लॅन्सेटमध्ये! मी इतकी हसले की भाचीने आतून विचारलं, काय झालं. जगाला ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय समजावून सांगायला एका पुणेकर डॉक्टरने स्वतःचं पोट पुढे केलं, याहून मोठेपणा काय असतो हो!

आणि हे जन्मापासून असतं! १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या लोकांनी बायकांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि मग त्यांच्या बाळांची मापं घेतली. शेतात राबणाऱ्या, काटक बायका. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं डोकं, पोट, दंड, लांबी, सगळ्यात लहान. आणि मग खांद्याच्या फळीखालची कातडी. तिथे चिमटीत धरून एका छोट्या चिमट्याने जाडी मोजतात, मिलिमीटरमध्ये. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पाठीवर! आणि तिथे आपलं बाळ जवळजवळ त्या गोऱ्या, गुटगुटीत बाळाच्या बरोबरीला! स्नायू कमी, हाड लहान, पण चरबी मात्र राखलेली. अडीच-पावणेतीन किलोचं चिमुकलं आणि आतापासून राखण करतंय! २००३ साली हे छापून आलं ते कुठे, तर ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओबेसिटी’त. गावातल्या हडकुळ्या बाळांचा अभ्यास लठ्ठपणाच्या मासिकात! आणि बरोबर तिथेच!

म्हणून तर आपल्याकडे डॉक्टर बीएमआय २३ झाला की सावध होतात आणि २५ला लठ्ठपणा म्हणतात, गोऱ्यांसारखी ३०ची वाट बघत नाहीत. आणि हा बीएमआय मुळात काढला कुणी माहितीये? केटले नावाच्या बेल्जियन माणसाने, १८३०च्या दशकात, आणि तो होता खगोलशास्त्रज्ञ! तारे मोजणारा! कुणाला बरं करायला काढलेलंच नव्हतं ते सूत्र! २०२५च्या जानेवारीत लॅन्सेटच्याच आयोगाने स्पष्ट सांगितलं की नुसत्या बीएमआयवर जाऊ नका, कंबर मोजा, त्या चरबीने शरीराचं काही बिघडवलंय का ते बघा. कंबर भारतीय पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, त्यावर गेली की डॉक्टरकडे. मी लगेच शिवणाच्या डब्यातली टेप काढली. आकडा सांगणार नाही. तुम्ही परवानगी मागितलेली नाही!

अजून एक, पटकन. ‘तिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल! तर २०२१ साली ‘सायन्स’मध्ये ६,४०० हून जास्त माणसांचा अभ्यास आला, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत. त्यांना एक खास पाणी पाजतात. त्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन जरासा जड असतो, आणि मग लघवी तपासून कोणता किती वेगाने शरीराबाहेर पडतो ते बघतात, आणि त्यावरून दिवसाचा सगळा खर्च कळतो. पाणी पिऊन हिशोब! आणि उत्तर काय, तर शरीराच्या मानाने बघितलं तर विशीपासून साठीपर्यंत तो खर्च जवळजवळ जिथल्या तिथे! चाळीस वर्षं! माझा लाडका बहाणा गेला तो गेला. सगळ्यात वेगाने ऊर्जा जाळतं ते वर्षभराचं बाळ, मोठ्यांच्या दीडपट.

आणि ब्राउन फॅट सांगायचंच राहिलं! चरबीत एक तपकिरी जात असते, ती साठवत नाही, जाळते! ऊब करायला! बाळांना असते, मोठेपणी नाहीशी होते, असंच पुस्तकं सांगायची. आणि मग कॅन्सरसाठी पेटस्कॅन करणाऱ्यांना काही पेशंटांच्या मानेपाशी, गळ्याच्या हाडावर, दोन्ही बाजूंना सारखे चमकणारे ठिपके दिसायला लागले, आणि थंडीत जास्त, आणि पेशंटला ऊब दिली की कमी! २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन ठिकाणचे तीन निबंध, बोस्टन, नेदरलँड्स, फिनलंड, आणि तिन्हींचं म्हणणं एकच: मोठ्यांनाही ती असते! नेदरलँड्सवाल्यांनी २४ तरुणांना १६ अंशांच्या खोलीत बसवलं आणि २३ जणांची चरबी पेटली!

भाची म्हणाली, ‘मावशी, त्याने कोणी बारीक होत नाही गं, फार थोडी असते ती.’ ते मी ऐकलं. ऐकलंच मी! पण एसीचा रिमोट तोवर हातात आला होता, आणि १६ हा आकडा त्यावर असतोच की! आणि मग ह्यांनी विचारलं, बिल कोण भरणार, आणि मग कुडकुडत उठून कपाटातून स्वेटर काढला आणि चढवायला लागले. मी ओरडलेच, ‘काढा तो! स्वेटर घातलात तर पेटणार कसं!’